मधल्या आवाजाचा माणूस

सॅमकाका नव्या माणसाला नाव विचारत नाहीत. गाव विचारत नाहीत, आडनावावरून अंदाजही बांधत नाहीत. ते फक्त म्हणतात, "थांबा. एकदा 'आ' म्हणा."

गेल्या वर्षी आम्ही नगरला सावेडीत राहायला आलो, तेव्हा सामानाचा टेम्पो दारात उभा होता, मिक्सर माझ्या कडेवर होता, आणि कुंपणापलीकडून एक किडकिडीत म्हातारा मला 'आ' म्हणायला सांगत होता. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते. 'मूठ आवळा', 'तिकडे बघा', 'झालं, झालं' अशी दिवसभर माझी हुकमत चालते. समोरच्याने त्याच थाटात हुकूम सोडल्यावर मला वाटलं, हे घशाचे निवृत्त डॉक्टर असणार. मी मिक्सरसकट 'आ' केलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "वरचा आहे," ते म्हणाले, "पण जागेवर नाही. बसवता येईल." आणि चपला फटफटवत निघून गेले.

आमच्या ह्यांनी विचारलं, "काय म्हणाले ग?"

"रिपोर्ट उद्या देतो म्हणाले."

डॉक्टर कुठले! सॅमसन भिंगारदिवे, नागापूरच्या एमआयडीसीतून फिटर म्हणून निवृत्त. नाव सॅमसन आणि अंगावर मूठभर मांस नाही. बायको मार्थाकाकू काही वर्षांपूर्वी गेल्या, मूलबाळ नाही. आणि त्यांना तातडीने दोन आवाज हवे होते, एक वरचा आणि एक खालचा. राहुरीला त्यांचा जिवाभावाचा मित्र, दानिएल तोरणे, अंथरुणाला खिळला होता. त्याच्या मातीला एक गाणं म्हणायचं होतं, ते एकट्याने म्हणण्यासारखं नव्हतं, आणि दिवस फार उरले नव्हते. हे सगळं त्यांनी मला मी दळण घेऊन येताना, माझ्या बरोबरीने चालत सांगितलं. उभं राहून काही सांगणं त्यांना जमत नाही.

बसून तर नाहीच नाही. चहाला बोलवावं तर कप हातात घेऊन ते आधी खिडकीपाशी जातात, तिथून स्वयंपाकघराच्या दारात, तिथून अंगणात. अर्धा प्यायलेला कप नंतर आम्हाला कुठेही सापडतो. एकदा पाण्याच्या मीटरवर सापडला. "बसा हो काका," म्हटलं की "बसतो, बसतो," म्हणत आणखी जोरात चालू लागतात. आमच्या घरातल्या खुर्च्यांना सॅमकाका ही व्यक्ती ठाऊकच नाही.

त्यांच्या घरात एक रेकॉर्ड प्लेअर आहे आणि एकच रेकॉर्ड. तिचं पाकीट इन्सुलेशन टेपने इतकं चिकटवलंय की पुठ्ठा किती आणि टेप किती, सांगता येत नाही. वर आंब्याच्या रंगाचे सूट घातलेले चार कृष्णवर्णीय गायक डावा गुडघा वाकवून उभे आहेत. "अमेरिकेचे," काका म्हणाले, पण शेवगावचे म्हणावं तशा सुरात. "ह्याला सोल म्युझिक म्हणतात. सोल म्हणजे आत्मा. हा पुढचा लीड, गाण्याची चाल त्याची. मागे हा वरचा, हा खालचा. आणि हा..." कोपऱ्यात अर्धा कापला गेलेल्या, चेहऱ्यावर टेपची पट्टी आलेल्या माणसावर त्यांनी बोट ठेवलं. "हा मी."

ह्याची हकिगत अशी. काका आणि राहुरीचे ते दानूभाऊ तरुणपणी चर्चच्या कॉयरमध्ये होते. एक अमेरिकन डॉक्टरीणबाई मायदेशी परत जाताना घरातलं सामान वाटून गेल्या. कुणाला कपाट मिळालं, कुणाला पलंग, आणि कॉयरमधल्या चार पोरांना हा प्लेअर आणि ही रेकॉर्ड. चौघांनी अख्खी रेकॉर्ड पाठ केली. पण कॉयरची पद्धत अशी, की प्रत्येकाला त्याचा त्याचा आवाज वेगळा शिकवायचा आणि मग सगळ्यांना एकत्र बसवायचं. ह्या पोरांनी तेच केलं. दानूभाऊंनी लीड घेतला, दोघांनी वरचा आणि खालचा, आणि सॅमकाकांच्या वाट्याला मधला आला. तेव्हापासून आजतागायत त्यांनी मधला सोडून काही गायलेलं नाही. मातीला म्हणायचं ते गाणंही ह्याच रेकॉर्डवरचं, पण त्याची चाल त्यांना येत नाही. विचारलं तर म्हणतात, "ती दानूची आहे ना. माझ्याकडे कशी असेल?"

त्यामुळे काका गुणगुणतात तेव्हा ऐकणाऱ्याचे हाल होतात. "ऊऽऽ, ऊ, ऊऽऽ," मग एकदम शांतता, आणि आपण आपल्या कामाला लागलो की पाठीमागून "वाऽ!" ती मधली शांतता म्हणजे तिथे बाकीचे तिघे गात असतात, काका त्यांच्यासाठी थांबलेले असतात. एकदा भाजीबाजारात ते कांद्याच्या ढिगासमोर असेच तोंड उघडं ठेवून थबकले, तर भाजीवालीला वाटलं, ह्यांना चक्कर आली. तिने त्यांना गोणीवर बसवायचा आटोकाट प्रयत्न केला. बसले नाहीतच.

"मधला असाच असतो," ते मला म्हणाले. "तो ऐकू आला म्हणजे समजायचं, काहीतरी बिघडलंय. नीट लागला की कुणाला कळतही नाही, की तो होता."

आता आणखी एक भानगड. त्या प्लेअरचा रबरी पट्टा पहिल्यापासून सैल. रेकॉर्ड फिरायची तीच दमल्यासारखी, आणि आवाज यायचे दाट, खर्जातले. पोरांना वाटलं, गाणं असंच आहे. मुळात ते गाणं म्हणजे एका पोरीला शनिवारच्या संध्याकाळी 'नाचायला चल' म्हणून केलेली धमाल विनवणी. नगरमध्ये मात्र ते इतकं सावकाश पाठ झालं, की ती पोरगी नाच सोडून डोळे पुसत बसली असती. आमच्या ह्यांनी एकदा मोबाईलवर शोधून मूळ गाणं लावलं. काका हादरले. खोलीत दोन फेऱ्या मारून म्हणाले, "कुठे आग लागलीय ह्यांना? बंद करा ते."

मी म्हटलं, "काका, मूळ हेच आहे. तुमचा पट्टा सैल आहे. तुम्ही तर फिटर, कधीच बदलला असता."

"बदलला असता की. मग आम्ही चौघं चुकीचे ठरलो असतो, त्याचं काय?"



पण त्या संथपणामुळेच ते गाणं कबरस्तानात पोचलं. चौघांतला खालचा सगळ्यांत आधी गेला. प्रार्थना झाल्यावर उरलेल्या तिघांनी, काही न ठरवता, तेच गाणं म्हटलं. खालच्याची जागा मोकळी ठेवली. तो जिथे एकटा गायचा तिथे तिघेही गप्प उभे राहिले. पाळकसाहेबांना शब्द लागले नाहीत, पण चाल इतकी गंभीर वाटली की त्यांनी मान खाली घातली. मग वरचा गेला. त्याच्या मातीला दोघेच होते, दानूभाऊ आणि काका. तरी चाल होती, निभावलं. आता दानूभाऊंची वेळ आली, म्हणजे चालच जाणार.

"मी एकटा उभा राहून ऊ-ऊ करू का त्याच्या मातीला?" काका म्हणाले. "लोक म्हणतील, म्हातारं कण्हतंय. वरचा-खालचा बरोबर असले तर निदान कळेल तरी, की मध्ये एका माणसाची जागा मोकळी ठेवलीय. दानूनेच फोन केला मला. म्हणाला, सॅम्या, माणसं जमव."

हे ऐकून नाही म्हणणं कठीण होतं. मी तरी म्हणून पाहिलं. कामावरून आल्यावर मला कुणाचा आवाज नको असतो, माझा स्वतःचाही. पण एका सकाळी मी पातळ दुधावरून दुधवाल्याला झापत होते, तेवढ्यात कुंपणापलीकडून आरोळी आली, "आत्ता जागेवर आहे! तिथेच धर! सोडू नको!" दुधवाला घाबरून किटली घेऊन पळाला. मी वरचा झाले.

खालचा मिळेपर्यंत काकांनी नगर पालथं घातलं. बँकेच्या रांगेत, एसटी स्टँडवर, दवाखान्यात, जिथे जाड मानेचा माणूस दिसेल तिथे त्याला 'आ' म्हणायला लावलं. दोघांनी वेड्यात काढलं, एकाने खरोखर जीभ बाहेर काढून दाखवली. शेवटी नागापूरला रफिकभाई सापडले. त्यांचं टेम्पोच्या बॉडीचं काम आहे. ते एका ड्रायव्हरला शिव्या देत होते, आणि त्या शिव्या पत्र्याच्या शेडमध्ये अशा घुमत होत्या, की काका हात जोडून उभे राहिले.

रफिकभाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "चाचा, तुमच्या दोस्तासाठी कायपण करू. पन चर्चचं गाणं मी कसं म्हनू?"

"चर्चचं नाही हो. पोरीला नाचायला बोलवायचं गाणं आहे."

रफिकभाईंनी टोपी काढून घाम पुसला. "मग तर लईच अवघड झालं. घरी काय सांगू?"

घरी काय सांगितलं कोण जाणे, पण ते येऊ लागले. रोज संध्याकाळी काकांच्या घरी तालीम. मी एका भिंतीशी, रफिकभाई दुसऱ्या भिंतीशी, आणि काका दोघांच्या मध्ये येरझाऱ्या घालत. "जागा सोडू नको वैशू. रफिकभाई, खाली, अजून खाली, जमिनीत जा." मध्येच त्यांचा फोन वाजला की तिघांचाही सूर तुटायचा. काका फोन हातात घ्यायचे आणि न बघता माझ्यापुढे धरायचे. "बघ ग, राहुरी आहे का." बहुतेक वेळा क्रेडिट कार्ड विकणारी मुलगी असायची. मग काका इतके खूश व्हायचे, की तिची खुशाली विचारायचे आणि तिला 'आ' म्हणायला लावायचे.

एके दिवशी माझा तोल सुटला. सकाळपासून उभं राहून पाय दुखत होते, आणि हे आपले भिंतीपासून भिंतीपर्यंत. मी ओरडले, "एका जागी बसा हो! तुमच्या फिरण्याने माझा सूर जातो!"

काका थांबले. मग पुन्हा चालू लागले, जरा हळू. "मार्था गेली तेव्हा मी बाहेर खुर्चीत बसलो होतो," ते म्हणाले. "चहा पीत. आत बायको गेली आणि मी निवांत चहा पितोय. आता बसलं की वाटतं, तिकडे दानूचं काही झालं असेल."

रफिकभाई खाली बघू लागले. मला माझीच जीभ चावावीशी वाटली. काही तरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "मग मातीची वाट कशाला बघायची काका? जिवंतपणी ऐकवू या ना त्यांना."

"जिवंतपणी?" काका दचकले. "तसं कसं? त्याची जागा मोकळी ठेवायची असते."

"चाचा," रफिकभाई म्हणाले, "मानूस हाय तंवर त्याची जागा भरलेलीच हाय. रविवारी टेम्पो काढतो मी. ताई, तुमीबी चला."

रविवारी निघालो. मनमाड रोडला उसाच्या ट्रॉल्या, खड्डे, आणि केबिनमध्ये काकांचा पाय अखंड आपटतोय. राहुरीच्या पुढे वस्तीवर दानूभाऊंचं घर. ओसरीत खाटेवर उशांना टेकवून त्यांना बसवलं होतं. हातापायाच्या काड्या झाल्या होत्या, पण डोळे मिश्किल.

"आला का रं मधल्या? बस की लेका."

"बसतो, बसतो," म्हणत काका गोठा बघायला निघाले. दानूभाऊंनी हात लांबवून त्यांचं मनगट पकडलं आणि सोडलंच नाही.

आम्ही सुरू केलं. रफिकभाई, मी, काका. पहिल्या ओळीला तिघेच होतो. मग दानूभाऊंनी तोंड उघडलं आणि चाल आली. आवाज कसला, वारा होता तो नुसता, पण त्याबरोबर सगळं जागच्या जागी बसलं. इतके दिवस मी जे 'ऊ' आणि 'वा' घोकत होते, ते कशाभोवती होतं हे मला तेव्हा कळलं. सैल पट्ट्याचं ते गाणं त्या ओसरीत इतकं हळू, इतकं सुरेख चाललं होतं, की ते संपू नये असं मला मनापासून वाटत होतं. काकांचा आवाज मला अजिबात ऐकू येत नव्हता. दानूभाऊंच्या सुना दारात उभ्या राहून पदराने डोळे टिपत होत्या.

चहा झाल्यावर काका आणि रफिकभाई टेम्पोकडे गेले. मी निरोप घ्यायला वाकले, तर दानूभाऊ हळूच म्हणाले, "पोरी, जरा हिकडं ये. हे गानं माज्यासाठी न्हाई, बरं का."

मला कळेना.

"मला काय कमी हाय? पोरं हायेत, सुना हायेत, सगळी वस्ती येईल रडाया. पन ह्या सॅम्याच्या मातीला कोन हाय? मी मागं ऱ्हायलो असतो तर म्हनलं असतं. मी तर चाललो. म्हनून त्याला म्हनलं, माज्यासाठी मानसं जमव. सवतासाठी जमव म्हनलो असतो, तर त्यानं येक मानूस जमवला नसता. मला ठावं हाय ना तो." त्यांनी दम घेतला. "तुमी दोघं येशाल ना तवा? त्याला बोलू नगंस हे."

मी मान हलवली.

परत निघालो. रफिकभाई स्टिअरिंगवर, मी खिडकीशी, काका मध्ये. मग काका समोरच्या काचेतून बघत म्हणाले, "वैशू, तू लीड शिकून ठेव."

"कशाला? दानूभाऊंची जागा मोकळी ठेवायची ना?"

"दानूच्या वेळी मोकळीच. तेव्हा तू वरचाच म्हण. मी नंतरचं म्हणतोय. तेव्हा मधला नसेल. चाल तरी पाहिजे."

रफिकभाईंनी उगाच गिअर बदलला.

म्हणजे काकांना सगळं ठाऊक होतं. ही माणसं कुणासाठी जमवायला सांगितलीत, हे त्यांनी पहिल्या फोनलाच ओळखलं असणार. तरी ते इतके दिवस दानूच्या नावाने नगरभर फिरले, कारण दानूला तसं वाटू द्यायचं होतं. मला रडू आलं, आणि दोघा म्हाताऱ्यांचा मनस्वी रागही आला. इतकं साधं एकमेकांना सांगायला ह्यांना काय झालं होतं?

"आणि मी लीड घेतल्यावर वरचा कोण म्हणणार?" मी विचारलं. आवाज शक्य तितका नेहमीसारखा ठेवला.

"मिळेल की. बघतोय मी."

"बरं. मग शिकवा चाल."

"मला कुठे येते? दानूचीच आहे ती."

"रेकॉर्डवर आहे ना?"

"ती त्या अमेरिकेवाल्याची. दानूची वेगळी."

मी रफिकभाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे. मी म्हटलं, "रफिकभाई, टेम्पो वळवा."

"आत्ता?" काका म्हणाले. "तो दमला असेल ग."

"दमू देत. एकच ओळ शिकते आज. उरलेलं पुढच्या रविवारी, आणि त्याच्या पुढच्या रविवारी. रोज म्हणाले तर रोज येईन."

रफिकभाईंनी उसाची ट्रॉली जाऊ दिली आणि टेम्पो वळवला. काकांचा पाय आपटायचा थांबला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि दानूभाऊंचं घर दिसेपर्यंत तसेच बसून राहिले.